हिवाळ्यात लोफोटेन : मुलाबाळांसह जाणाऱ्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोफोटेन ही नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरची बेटांची रांग. आर्क्टिक वृत्ताच्याही वर, समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे कडे, त्यांच्या पायथ्याशी लाल लाकडी घरं आणि मधूनच पांढऱ्या वाळूचे किनारे. ही उत्तरं साधारण आठवडाभरासाठी, स्वतः गाडी चालवत, मुलांना आणि जमल्यास आजी-आजोबांनाही घेऊन जाणाऱ्यांसाठी आहेत. सगळ्यांत आधी एवढं धरून चाला की तिथे दिवसाचा कार्यक्रम वारा ठरवतो. मुंबईत बसून तासातासाचं वेळापत्रक केलंत तर ते पहिल्याच दिवशी मोडेल.

नेमकं कधी जावं?

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्वोल्वेर या तिथल्या मुख्य गावात सूर्य क्षितिजावर येतच नाही. दहा ते दोनच्या सुमारास निळसर संधिप्रकाश असतो, तेवढाच दिवस. १ फेब्रुवारीला उजेड पावणेसहा तासांच्या आसपास मिळतो, १५ फेब्रुवारीला पावणेआठ तास आणि १ मार्चला साडेनऊ तासांहून जास्त. २० मार्चला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. म्हणजे एका महिन्यात दिवस चार तासांनी वाढतो. मुलांबरोबर हा फरक फार मोठा आहे, कारण त्यांना आवरून बाहेर काढेपर्यंत सकाळचे दहा वाजतात.

मार्चमध्ये डोंगरावर बर्फ पुरेसा असतो, रात्र पुरेशी काळोखी असते आणि मासेमारीचा हंगाम भरात असतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मार्चचे पहिले तीन आठवडे धरावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा असतात. दिवाळी किंवा नाताळची सुट्टी चालेल का?

नाताळात जाऊ नका. सूर्य नाही, बरीच हॉटेलं आणि संग्रहालयं बंद, दुकानांचे दिवस मोजके. लहान मुलं त्या अंधारात दोन दिवसांत कंटाळतात आणि मोठ्यांची झोप बिघडते.

दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सहा-सात तास उजेड असतो आणि नॉर्दर्न लाइट्सही, म्हणजे रात्रीच्या आभाळातला ध्रुवीय प्रकाश, दिसू शकतात. पण हे दिवस पावसाचे आणि वादळांचे, समुद्रसपाटीला बर्फ बहुधा नसतोच. परीक्षा लवकर संपत असतील तर एप्रिलचा पहिला आठवडा जास्त बरा. डोंगर पांढरे असतात, दिवस मोठा असतो, नॉर्दर्न लाइट्सची मात्र शेवटची संधी असते. ईस्टर मार्चअखेरीस किंवा एप्रिलमध्ये येतो. त्या आठवड्यात गुरुवार ते सोमवार दुकानं बहुतांश बंद असतात आणि नॉर्वेजियन लोक स्वतःच सुट्टीवर निघतात, तेव्हा तारीख तपासूनच तिकिटं काढा.

युरोपात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलांची फेब्रुवारीतली शाळेची सुट्टी चांगली जुळते.

थंडी किती असते? मुलांना झेपेल?

आकडा ऐकून घाबरण्यासारखी नसते. अटलांटिकचा उबदार प्रवाह या किनाऱ्यावरून जातो, म्हणून ६८ अंश अक्षांशावर असूनही फेब्रुवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहतं. उणे दहा क्वचित, अधिक चारही तितकंच शक्य. मनाली-लेहची कोरडी थंडी अनुभवलेल्यांना वाटतं, यात काय! पण इथली थंडी ओली आणि वाऱ्याची आहे. शून्य अंशाला सेकंदाला १० मीटर वारा सुटला की अंगाला उणे सात जाणवतं. उणे पाचला तोच वारा असेल तर उणे चौदा.

नॉर्वेची ‘यर’ ही सरकारी हवामान सेवा वारा मीटर प्रति सेकंदात देते. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर येतात. कुटुंबासाठी आमचं मोजमाप असं: ८ पर्यंत कुठेही जा. ८ ते १२ असेल तर आडोशाचा किनारा निवडा आणि बाहेर अर्धा-पाऊण तासच थांबा. १२ ते १८ असेल तर गाडीतून बघा, संग्रहालय गाठा. त्यापुढे घरातच राहा. अंदाजात वाऱ्याचा सरासरी वेग आणि झोतांचा वेग वेगवेगळा दिलेला असतो, झोतांचा आकडा बघून निर्णय घ्या.

व्हिसा कोणता?

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो, प्रत्यक्षात दोन-अडीच महिने आधी करा. मूळ शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. मुलाबरोबर आई किंवा बाबा एकच जात असतील तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र आणि जन्मदाखला तयार ठेवा. ब्रिटनमध्ये राहत असलात आणि पासपोर्ट भारतीय असला, तरी हा व्हिसा लागतोच.

तिथे पोहोचायचं कसं?

मुंबईहून दुबई, दोहा किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलून ऑस्लो. तिथून तीन वाटा आहेत.

पहिली, एवेनेस विमानतळ. ऑस्लोहून मोठी विमानं येतात, उतरल्यावर भाड्याची गाडी घ्यायची आणि ई-१० रस्त्याने स्वोल्वेर गाठायचं. अंतर साधारण १६५ किलोमीटर, हिवाळ्यात तीन तास धरा. २००७ मध्ये हा रस्ता पूर्ण झाल्यापासून मध्ये कुठेही फेरीबोट घ्यावी लागत नाही. कुटुंबासाठी हीच वाट सर्वांत भरवशाची.

दुसरी, मुख्य भूमीवरच्या बोडो शहराहून छोट्या विमानाने स्वोल्वेर किंवा लेकनेस. उड्डाण अर्ध्या तासाचं आणि दृश्य अप्रतिम, पण धावपट्ट्या आखूड आहेत आणि जोराच्या आडव्या वाऱ्यात विमानं रद्द होतात. या वाटेने जायचं तर परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधी एक अख्खी रात्र राखून ठेवा, आणि सगळी तिकिटं एकाच आरक्षणात घ्या, म्हणजे पुढचं विमान चुकलं तर जबाबदारी विमान कंपनीची राहते.

तिसरी, समुद्रावाटे. बोडो ते मोस्केनेस मोटारींची फेरी सव्वातीन तासांच्या पुढे घेते. बर्गन-किर्केनेस मार्गावरचं किनारी जहाजही रोज बोडोहून स्टामसुंड आणि स्वोल्वेरला येतं. पण हिवाळ्यात हा खुला पट्टा चांगलाच हलवतो. गाडीत उलटी होणारं मूल बरोबर असेल तर ही वाट सोडा.

ऑस्लोला उतरलेल्याच दिवशी पुढे गाडी चालवण्याचा हट्ट नको. रात्रभराचा प्रवास, मुलांची किरकिर, काळोख आणि बर्फाळ रस्ता ही चौकडी धोक्याची आहे. ऑस्लोला किंवा एवेनेसजवळ झोपा आणि उजेडात निघा.

किती रात्री आणि कुठे?

सात रात्री, दोन मुक्काम. पहिल्या तीन स्वोल्वेर, काबेलवोग किंवा हेनिंग्सवेर परिसरात. पुढच्या तीन पश्चिमेला रेइने, हामनोय किंवा बालस्टाडला. शेवटची परत एवेनेसच्या बाजूला.

रोज मुक्काम बदलण्याचा मोह आवरा. नकाशावर सगळं जवळ दिसतं: स्वोल्वेर ते लेकनेस सत्तरेक किलोमीटर, लेकनेस ते रेइने पंचावन्नच्या आसपास, तिथून ‘ओ’ या शेवटच्या गावापर्यंत दहा. पण सामान बांधणं, मुलांना पाच थर चढवणं, गाडीची काच खरवडणं, वाटेत थांबणं यात उजेडाचे निम्मे तास जातात. वादळ आलं तर एका जागी तीन रात्री असल्याचा फायदा कळतो: हुकलेला किनारा दुसऱ्या दिवशी बघता येतो.

‘रोरबू’ म्हणजे काय? हॉटेलपेक्षा बरं का?

मासेमारीच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या कोळ्यांसाठी पाण्याच्या काठावर खांबांवर बांधलेल्या खोल्या. आता त्यातल्या बऱ्याच दुरुस्त करून पाहुण्यांना देतात. कुटुंबाला हॉटेलपेक्षा नक्कीच सोयीच्या, कारण स्वयंपाकघर असतं आणि ओले कपडे वाळवायला जागा असते. घेण्याआधी चार गोष्टी विचारा. झोपायच्या खोल्या खाली आहेत की माळ्यावर? माळ्याचा जिना बहुधा उभा असतो आणि आजीला तो जमणार नाही. धक्क्याच्या कडेला कठडा आहे का? जुन्या धक्क्यांना बऱ्याचदा नसतो आणि खाली थेट समुद्र. चादरी-टॉवेल आणि शेवटची साफसफाई भाड्यात आहे का? आणि शेगडी इंडक्शनची आहे का? ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. नेणारच असाल तर स्टीलचा, इंडक्शन बूड असलेला न्या.

फोडणी देताना वरचा पंखा पूर्ण वेगात ठेवा आणि झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या. मिरची-मोहरीच्या धुराने धुराची घंटा वाजते आणि काही ठिकाणी ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते.

भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते?

पर्यटकाला तीन महिन्यांपर्यंत येते. आपला स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत आणि फोटोसह असतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, कारण गाडी देणारी कंपनी तो मागू शकते. वाहतूक उजवीकडून, चौकातल्या वर्तुळाला वळसा घड्याळाच्या उलट दिशेने. दिवसाही दिवे चालू ठेवायचे. खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. दारूची मर्यादा रक्तात ०.०२ टक्के, म्हणजे गाडी चालवणाऱ्याने एक ग्लासही नको.

१३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाचं बाल-आसन सक्तीचं आहे. गाडीबरोबर मागवताना मुलाचं वजन आणि उंची लेखी कळवा. आणखी एक, जे फार जण विसरतात: आसनाचा पट्टा लावताना मुलाचं जाड जॅकेट काढा. जॅकेटवरून पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत आतली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि मूल पुढे फेकलं जातं. जॅकेट उलटं करून पांघरायला द्या.

बर्फावर गाडी चालवायची भीती वाटते. काय सांभाळायचं?

लोफोटेन ज्यात येतं त्या नूर्डलांड प्रांतात १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल खिळ्यांचे टायर वापरता येतात. गाडी आरक्षित करतानाच खिळ्यांचे टायर मिळणार का ते विचारा. बिनखिळ्यांचे हिवाळी टायर कोरड्या बर्फावर चांगले चालतात, पण लोफोटेनमध्ये तापमान सतत शून्याच्या अल्याडपल्याड फिरतं. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी काचेसारखं गोठतं. उणे आठला रस्ता खरखरीत असतो आणि पकड मिळते. शून्याला आणि विशेषतः गोठलेल्या रस्त्यावर पाऊस पडल्यावर तो सर्वांत निसरडा. तेव्हा थर्मामीटरवर उणे एक ते अधिक दोन दिसलं की वेग कमी करा. ब्रेक नेहमीपेक्षा खूप आधी आणि हलका लावा. वळणाच्या आधी वेग उतरवा, वळणात ब्रेक नको. पुढच्या गाडीपासून किमान पाच-सहा सेकंदांचं अंतर ठेवा.

पूल आणि बोगद्यांची तोंडं जपून. पुलावर वारा आडवा लागतो आणि खालून थंड हवा असल्यामुळे तिथे बर्फ आधी धरतो. बोगद्याच्या आत कोरडं आणि बाहेर पडताच बर्फ, असंही होतं.

पर्यटकांच्या गाड्यांचं नुकसान फक्त टकरीत होत नाही, दारांचंही होतं. मागून वारा असताना दार उघडलं की ते हातातून सुटतं आणि बिजागरीवरून उलटं वाकतं. बऱ्याच विमा करारांत हे धरलेलं नसतं. गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि मुलांना आतून दार उघडू देऊ नका. बाल-कुलूप लावूनच ठेवा.

अरुंद रस्त्यांवर ‘एम’ अक्षराचा निळा फलक असलेली रुंद जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असते. तिथे फोटोसाठी थांबणं म्हणजे बर्फ काढणाऱ्या गाडीची आणि रुग्णवाहिकेची वाट अडवणं. स्थानिक लोक यावर खरोखर चिडतात आणि त्यांचं बरोबर आहे.

इलेक्ट्रिक गाडी मिळाली तर थंडीत तिचा पल्ला पाव ते एक तृतीयांश घटतो असं धरून चार्जिंग ठरवा. रस्ते बंद आहेत का हे राज्य रस्ते प्रशासनाच्या संकेतस्थळावर किंवा १७५ क्रमांकावर कळतं.

गाडी चालवायचीच नसेल तर?

ई-१० वर बस धावते, पण हिवाळ्यात फेऱ्या मोजक्या आणि किनारे मुख्य रस्त्यापासून आत. अशा वेळी एकाच ठिकाणी, स्वोल्वेरला, राहा आणि तिथून चालकासह सहली घ्या.

कपडे काय आणि किती?

तीन थर. अंगालगत मेरिनो लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे लांब बाह्यांचे आतले कपडे, प्रत्येकी दोन जोड. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. सर्वांत वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट व पँट. सुती बनियन, जीन्स, सुती मोजे अजिबात नकोत: सूत घाम धरून ठेवतं, वाळत नाही आणि ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं. दहा हजारांचं जॅकेट आणि आत सुती बनियन असा माणूस साध्या फ्लीसवाल्यापेक्षा आधी कुडकुडतो.

बूट अर्धा ते एक नंबर मोठे, पाणी न शिरणारे. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले तर रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा बरा. मुलांना बोटांचे हातमोजे देऊ नका, चारही बोटं एकत्र राहणारे द्या, दोन जोड, दोरीने बाहीला बांधलेले. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अखंड एक-तुकडी बर्फाचा सूट उत्तम, पाठीतून बर्फ शिरत नाही.

बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे लोखंडी काटे प्रत्येकासाठी घ्या. तिथल्या क्रीडा दुकानांत मिळतात, स्थानिक आजी-आजोबाही ते वापरतात. दुकानात किंवा घरात शिरताना काढा, फरशीवर ते उलट घसरतात. आणि प्रकाश परावर्तित करणारा पट्टा प्रत्येकाच्या जॅकेटला लावा. काळोख पडल्यावर रस्त्याकडेने चालणारं माणूस त्याशिवाय दिसत नाही.

वर्षाच्या आतलं बाळ नेता येईल?

येईल. बाबागाडीची चाकं ओल्या बर्फात रुततात, म्हणून छातीशी बांधायची झोळी न्या आणि वरून मोठ्यांचं जॅकेट घाला. झोळीत बाळाचे पाय लोंबकळतात आणि हलत नाहीत, त्यामुळे आधी पावलं गार पडतात. दर पंधरा मिनिटांनी मानेला हात लावून बघा: मान गरम तर बाळ ठीक. गाल किंवा नाकाच्या शेंड्यावर पांढरट डाग दिसला तर लगेच आत या आणि उबदार तळहात नुसता ठेवा. चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका, त्वचा फाटते. मोठं मूल एकाएकी गप्प झालं, अडखळायला लागलं, झोप येते म्हणालं तर ते थकलेलं नसून गारठलेलं असू शकतं.

आजी-आजोबांसाठी वेगळं काय?

इथे थंडीपेक्षा घसरण्याची भीती मोठी. बुटांचे काटे, एक टोकदार काठी आणि अंगणात वाळू टाकलेली राहण्याची जागा, एवढं हवंच. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन रात्री गाडीत राहू देऊ नका, एकदा गोठलं की ते वापरता येत नाही. गाडीतून उतरल्याबरोबर समुद्र दिसेल अशा जागा त्यांच्यासाठी भरपूर आहेत: हामनोयचा पूल, राम्बर्गचा किनारा, हेनिंग्सवेरचं बंदर.

कोणते किनारे मुलांसह करण्याजोगे?

हाउकलांड आधी. गाडीतळ वाळूला लागून आणि डोंगरांमुळे बऱ्याच वाऱ्यांपासून आडोसा. तिथून बोगद्यातून पलीकडे उताक्लेइव: गोल गुळगुळीत धोंडे, थेट खुला समुद्र, संध्याकाळचा उजेड अप्रतिम. पण धोंड्यांवर शेवाळ आणि त्यावर बर्फाचा पापुद्रा असतो. तिथे मुलांचा हात सोडू नका. भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक पडतो आणि मधूनच एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर येते. खडक ओला दिसतोय म्हणजे लाट तिथवर येते, एवढी खूण पुरे. कोरड्या खडकाच्याही मागे उभे राहा आणि समुद्राकडे पाठ करू नका.

फ्लाकस्टाडचा स्कागसांडेन किनारा सपाट आणि रस्त्यालगत. ओहोटीत ओल्या वाळूवर डोंगराचं प्रतिबिंब पडतं, धावायला मुलांना मोकळी जागा. उन्स्टाडला हिवाळ्यातही लोक जाड रबरी पोशाख घालून लाटांवर स्वार होतात. पाणी पाच-सहा अंशांचं असतं. बघायला मुलांना फार आवडतं.

हिवाळ्यात सार्वजनिक स्वच्छतागृहं बरीच बंद असतात. लेकनेस किंवा स्वोल्वेरच्या पेट्रोल पंपावर सगळ्यांना जाऊन येऊ द्या, मगच किनाऱ्याकडे वळा.

रेइनेब्रिंगेन चढता येईल का? फोटो सगळीकडे दिसतात.

हिवाळ्यात नाही. ४४८ मीटरचा तो डोंगर उभा आहे, शेर्पांनी रचलेल्या दगडी पायऱ्या बर्फाखाली जातात आणि उतारावर हिमस्खलन होतं. क्वालविका किनाऱ्याकडे जाणारी डोंगरातली पायवाटही मुलांसह सोडा. ३० अंशांहून तीव्र उतारावरून हिम सुटू शकतं आणि ते खाली सपाटीवरही बरंच दूर येतं, म्हणजे पायथ्याशी चालणाराही सुरक्षित नसतो. ‘वार्सोम’ या सरकारी सेवेवर रोजचा हिमस्खलनाचा इशारा एक ते पाच अशा पातळ्यांत येतो. तो बघण्याची सवय ठेवाच, पण कुटुंबाचं काम किनारे आणि गावं यांवर उत्तम भागतं.

नॉर्दर्न लाइट्स नक्की दिसतील का?

नक्की कोणीच सांगू शकत नाही. लोफोटेन ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याच्या अगदी खाली आहे, त्यामुळे सूर्याकडून फार मोठी खळबळ लागत नाही. केपी हा त्या खळबळीचा ० ते ९ असा निर्देशांक दोन असला तरी दिसतात. अडचण ढगांची असते. म्हणून प्रकाशाच्या अंदाजाआधी ढगांचा नकाशा बघा. एका बाजूला ढग असले तरी पन्नास किलोमीटरवर आभाळ मोकळं असू शकतं. संध्याकाळी सात ते मध्यरात्रीनंतर एकपर्यंतचा वेळ चांगला. सहा-सात रात्रींत एक-दोन मोकळ्या मिळतील अशी आशा धरावी.

मुलांना थंडीत ताटकळत उभं करू नका. आतले लोकरी कपडे घालूनच झोपवा, सूट आणि बूट दाराशी ठेवा, मोठ्यांपैकी एकाने दर वीस मिनिटांनी बाहेर डोकावं. दिसले की उठवा. डोळ्यांना ते बऱ्याचदा करडे-हिरवट, ढगासारखे दिसतात. फोटोतला गडद हिरवा कॅमेऱ्याने जास्त वेळ प्रकाश गोळा केल्यामुळे येतो. हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ती हिरमुसतात. जोराचा झोत आला की मात्र साध्या डोळ्यांनाही रंग आणि हालचाल स्पष्ट दिसते.

फोटोसाठी तिपाई, आयएसओ १६०० ते ३२००, भिंगाचं छिद्र जितकं मोठं जमेल तितकं, पाच ते दहा सेकंद, फोकस हाताने अनंतावर. बॅटरी खिशात गरम ठेवा. घरात येण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तासभर उघडू नका, नाहीतर भिंगावर आणि आतही दव धरतं.

दिवसभर वादळ असेल तर काय करायचं?

बोर्गचं लोफोत्र व्हायकिंग संग्रहालय. तिथे व्हायकिंग काळातल्या एका सरदाराच्या ८३ मीटर लांब घराचे अवशेष सापडले, ते घर शेजारी पूर्ण आकारात पुन्हा उभारलं आहे. आत अंधार, जळत्या लाकडाचा वास, मुलांना हाताळता येतील अशा वस्तू. काबेलवोगला मासेमारीचं संग्रहालय आणि १८९८ चं मोठं लाकडी चर्च. हिवाळ्यात सगळ्यांच्या वेळा आखूड असतात, काही दिवस बंदही असतात, आदल्या दिवशी खात्री करा.

ते लाकडी मांडवांवर टांगलेलं काय असतं?

कॉड मासा. याच्यासाठी तरी मार्चमध्ये जावं, इतकं ते दृश्य मोठं आहे. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला लोफोटेनच्या पाण्यात येतो. पकडलेले मासे डोकं उडवून, शेपटीशी जोडीने बांधून, मीठ न लावता उघड्यावर टांगतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत ते तसेच लटकतात. वसई-अर्नाळ्याला बोंबील उन्हात सुकतात, इथे तेच काम शून्याच्या जवळपासची हवा आणि खारा वारा करतो. फार थंडी पडली तर मांस गोठून त्याचा पोत बिघडतो, उबदार झालं तर माश्या बसतात. म्हणून ही पद्धत या किनाऱ्यावर जमली. सुकलेला मासा मुख्यतः इटलीत जातो आणि डोकी नायजेरियात, रश्शासाठी.

कॉडची जीभ कापून विकण्याचं काम इथे परंपरेने शाळकरी मुलांचं, त्यातून ती स्वतःचे पैसे कमावतात. बंदरावर दिसलं तर लांबून बघा, हात चाकूवर चालू असतात. मांडवांच्या खाली खेळू नका, ते कोणाचं तरी वर्षाचं उत्पन्न आहे.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

बाहेर खाण्यावर अवलंबून राहिलात तर अडचण येईल. पश्चिमेकडच्या गावांत हिवाळ्यात खाणावळी मोजक्याच उघड्या असतात आणि त्या माशांच्या. लेकनेस आणि स्वोल्वेरला मोठी दुकानं आहेत. बासमती, मसूर, डबाबंद चणे-राजमा, टोमॅटो, कांदे-बटाटे, दही, ब्रेड सगळं मिळतं. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, शनिवारी भरून ठेवा.

भारतातून पोहे, रवा, भाजणी, मेतकूट, मसाले, चटण्या, खाकरे न्या. तूप, पनीर, खवा, पेढे नेऊ नका, युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे. ताजा कढीपत्ता आणि भाज्याही घरीच राहू द्या. रोज निघताना दोन थर्मास भरा, एकात गरम पाणी, एकात सूप किंवा पातळ खिचडी. गारठलेल्या मुलाला गोड आणि गरम काहीतरी पाच मिनिटांत माणसात आणतं. नळाचं पाणी थेट पिण्याजोगं, बाटल्या विकत घेऊ नका. पैसे सगळीकडे कार्डाने. प्लग युरोपीय गोल दोन पायांचे.

देवमासे दिसतात का?

त्यासाठी ही जागा नव्हे. स्पर्म व्हेलसाठी उत्तरेला आन्डेनेस. ओर्का नोव्हेंबर ते जानेवारीत स्कयेरवोयकडे. स्वोल्वेरहून ट्रोलफ्योर्ड या अरुंद खाडीकडे (फ्योर्ड) जाणाऱ्या नावेवर समुद्री गरुड मात्र अगदी जवळून दिसतात. फ्योर्डच्या तोंडाची रुंदी शंभर मीटरच्या आसपास, दोन्ही बाजूंना उभे कडे. मुलांसह उघडी रबरी बोट नको, बंद केबिनची मोठी नाव घ्या.

कोणी आजारी पडलं तर?

११३ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, ११० अग्निशमन. जीवावरचं नसेल पण डॉक्टर लागेल तर ११६११७. सगळीकडे इंग्रजी बोलतात. रुग्णालय ग्राव्दाल इथे, लेकनेसजवळ. ताप, उलटी, जुलाब, कानदुखीची मुलांची औषधं स्वतःच्या डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा, कारण औषधाचं दुकान तासाभराच्या अंतरावर असू शकतं.

परतीच्या दिवशी काय चुकतं?

वेळेचा हिशेब. रेइनेहून एवेनेस पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे, हिवाळ्यात पाच-साडेपाच तास, आणि रस्ता बंद पडला तर दुसरा रस्ता नाही. वादळात काही वेळा बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे सगळ्यांना रांगेने सोडतात, त्यात तास-दोन तास थांबावं लागतं. म्हणून शेवटची रात्र पूर्वेकडे काढायची. गाडी परत देण्याआधी टाकी भरा, चारही बाजूंनी आणि काचेचे फोटो काढा. खिळ्यांच्या टायरमुळे खडी उडते आणि काचेला टवका पडतो, तो नवा की जुना हे फोटोवरून ठरतं. त्यासाठी गाडी घेतानाही, बर्फ झटकून, तसेच फोटो काढलेले हवेत.